आखाडातले झिंगे

तांबखडी, ता. कराड
१० जानेवारी १९७४

विजा,

पत्र उघडून वाचतेस की तसंच फळीवर ठेवून देतेस, मला माहीत नाही. म्हणून पहिल्या ओळीतच लिहिते. इथे कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. भिऊन वाचू नकोस.

दिवाळीनंतर दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही. काल हंबीरभावजी गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत गेले होते. येताना तुमच्या दारात डोकावले. ते सांगत होते, पोराचा कान वाहतो, उशी पिवळी होते. आणि विहीणबाई म्हणतात, पोटात असताना आईचे डोहाळे पुरे झाले नाहीत म्हणून वाहतो. हे सांगताना भावजी माझ्याकडे बघत नव्हते, म्हशीकडे बघत होते.

आता मी काय म्हणते ते ऐक. शाळेच्या कपाटात आरोग्याचं एक पुस्तक आहे. मास्तर मला घरी न्यायला देतात. त्यात लिहिलं आहे की लहान मुलाला आडवं ठेवून पाजलं, की घशातली सर्दी कानात उतरते, पू होतो आणि कानाच्या पडद्याला भोक पडतं. डोहाळ्यांचा त्यात कुठे शब्द नाही. कानात लसणाचं तेल घालू देऊ नकोस. कोणी कितीही थोर असलं तरी घालू देऊ नकोस. मिरजेला मोठा दवाखाना आहे, तिकडे न्या. उशीर झाला तर ऐकू येणं जाईल.

हे झालं कानाचं. डोहाळे राहिले, हे मात्र खरं आहे. ते मी कानासाठी लिहीत नाही, तुझ्यासाठी लिहिते. बाळंतपणाला आलीस तेव्हा तुझ्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. भिंतीला टेकून बसायचीस आणि फक्त झिंगे म्हणायचीस. नदीचे, आणि डोक्यासकट. तुमच्याकडे रत्नागिरीचे बर्फातले येतात, ते डोकी मोडून, सोलून करतात. तू म्हणाली होतीस, "आयं, तितं डोकी केरात जात्यात. मागं ऱ्हातंय त्याला चवच न्हाई."

ये. एका दिवसासाठी ये. मी करून घालते. मिशा आणि पुढचा काटा तेवढा कातरायचा, डोक्याला हात लावायचा नाही. आधी तव्यावर मीठहळद घालून पाणी आटवायचं. राखी रंग जाऊन लाल झाले की कांदा, लसूण, भाजलेलं सुकं खोबरं, घरची चटणी, थोडी चिंच. तुला हे सगळं येतंच, मी उगाच लिहिते. लिहिलं की चूल पेटवल्यासारखं वाटतं.

तीळगूळ पाठवते आहे. यंदा मला हळदीकुंकवाला कोणी बोलवायचं नाही, त्यामुळे तीळ बरेच उरले. दाणे कमी घातलेत, तुला आवडत नाहीत म्हणून.

तुझी आई


(कार्ड)
४ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. विजयमाला हिस आशीर्वाद. विहीणबाईंना व जावईबापूंना नमस्कार. तुझं पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. शाळू हुरड्याला आला आहे. बाळाला थंडी लागू देऊ नये. विहीणबाई अनुभवी आहेत, त्यांच्या विचाराने वागावं. दवाखान्याचंही बघावं.
अंबूबाई


५ फेब्रुवारी १९७४

विजा,

कालचं कार्ड विहीणबाईंनी वाचावं म्हणून लिहिलं होतं. हे मिटलेलं आहे, तू वाच.

तुझं पत्र चार ओळींचं. मी ते पाठ झालं तरी वाचते आहे. "झिंगे खाणार नाही. तांबखडीला येणार नाही. मी माझ्या बापाला खाल्लंय, आता आणखी काय खाऊ?"

हे वाक्य तुझं नाही. ते रंगूआत्यांचं आहे. तुझे आप्पा नदीत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी जावईबापू तुला न्यायला आले. पोटुशी बाईनं सुतकाच्या घरात थांबू नये, प्रेत बघू नये, म्हणून सगळ्यांनी घाई केली. प्रेत तर तेव्हा सापडलंही नव्हतं. तू जावईबापूंच्या हाताला धरून अंगणातून चालली होतीस आणि रंगूआत्या उंबऱ्यावरून म्हणाल्या, "लेकीनं बाप खाल्ला." भावाची माया होती त्यांची, मान्य आहे. पण त्या बोलल्या. तू मागे वळली नाहीस, म्हणून मला वाटलं तुला ऐकू गेलं नाही. माझं लक्ष नदीकडून येणाऱ्या हाकांकडे होतं. नाहीतर मी तिथेच काहीतरी बोलले असते.

मला बोलता येतं तसं लिहिता येत नाही. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा तुझ्या पाटीवरून मी अक्षरं शिकले आणि पुढचं पुस्तकांवरून. म्हणून पुस्तकासारखंच येतं. तरी हे तुझ्यासमोर बसून बोलते आहे असं समज.

तू म्हणतेस, मागितलं नसतं तर ते गेले नसते. मी तुला खोटा धीर देणार नाही. तू मागितलेस म्हणून ते त्या दिवशी गेले. आखाड संपत आला होता. आठवड्यात श्रावण लागला असता, की आपल्या घरात महिनाभर मासळी शिजत नाही. तोवर तुझे दिवस भरले असते. म्हणून ते म्हणाले, "आजच बघतो." मी म्हटलं, पाणी गढूळ आहे. ते म्हणाले, "गढूळ हाय म्हनूनच गावत्यात."

तेही खरं. नवं पाणी आलं की झिंगे धारेला टिकत नाहीत, काठाच्या गवतात येऊन बसतात. ओढा नदीला मिळतो तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि गवताखालून टोपली फिरवायची. हे ते पोरवयापासून करत आले. तू म्हणालीस, "आप्पा, डोक्यासकट हं." ते टोपली घेऊन उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, "डोकं टाकून झिंगा खानं म्हंजे नवरी सोडून वरात बघनं." तू हसलीस. आल्यापासून पहिल्यांदा हसलीस. ते तुझं हसणं बघून गेले.

वर डोंगरात पाऊस झाला आणि ओढ्याला एकदम लोंढा आला. तो तू मागितला नव्हतास.

एवढंच मला माहीत आहे. यात तू बाप खाल्लास असं कुठे येतं, ते मला शोधूनही सापडत नाही.

आई


३० मार्च १९७४

विजा,

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. कराडला गाडी बदलताना पिशवी विसरत होते, कंडक्टरने हाक मारली.

पाडव्याचं निमित्त करून मी तुमच्याकडे आले ते तुला आवडलं नाही, ते कळलं. पण पोराला बघितलं. कपाळ आप्पांचं आहे. जावईबापूंनी त्याला मिरजेला नेलं हे चांगलं केलं. डॉक्टरांनी डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे म्हणून सांगितलं, आता निदान काय आहे ते तरी कळलं. औषधाचे थेंब वेळेवर घाल आणि अंघोळीला कानात कापूस ठेव. एका कानाने ऐकू येणारी माणसं गावात आहेत, ती शेती करतात, लग्नं करतात.

विहीणबाईंचा मला राग आला नाही. त्यांनी माझ्यासाठीच झिंगे आणवले होते. तू आत होतीस, आमचं सगळं बोलणं तुला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मला म्हणाल्या, "या, बसा. लेकीला समजवा जरा. पोराचा कान गळतोय आन ही हट्टाला पेटलीया. डोहाळं राहिलं तर राहू द्या, आता खा म्हनावं. खाऊन बोट पोराच्या जिभंला लाव. तेवढं करायला काय जातंय?"

आणि ताटली पुढे केली. पांढरे, सोललेले, गोल झालेले. मी बघत राहिले.

"बघा, साफ केल्यात. डोकी काढून, धागा काढून. आमी घान ठेवत न्हाई."

मी म्हटलं, "डोकीच न्हाईत तर डोहाळं कशानं पुरनार, शालूबाई?"

"का? डोक्यात काय देव बसलाय?"

"देव न्हाई. चव बसलीया."

त्या हसल्या. बाई वाईट नाही. पण मग त्यांनी तुला हाक मारली आणि ती ताटली तुझ्या हातात दिली, आणि तुझा चेहरा बघून मला वाटलं की मी आले नसते तर बरं झालं असतं. तू ताटली खाली ठेवून मोरीकडे धावलीस. विहीणबाई मागून म्हणाल्या, "पोराचं कान फुटू देत, पर हिचं तोंड उघडायचं न्हाई." जावईबापू बाहेरून म्हणाले, "आये, पुरं की." ते झिंगे तिथेच राहिले. मांजराने खाल्ले असतील.

परसात नळाखाली तू उशीचा अभ्रा धूत होतीस. माझ्याकडे न बघता एकच गोष्ट विचारलीस. "आयं, आप्पांची टोपली गावली का?" मी हो म्हटलं. "रिकामी?" मी म्हटलं, आता आठवत नाही.

मला आठवतं. रिकामी म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, बिचारे शेवटपर्यंत शोधत राहिले. भरलेली म्हटलं असतं तर वाटलं असतं, माझ्यासाठी गोळा करता करता गेले. दोन्हीकडून तू स्वतःलाच टोचून घेतलं असतंस. म्हणून मी गप्प बसले. पण गाडीत बसल्यावर ते गप्प बसणं मला चैन पडू देईना, म्हणून लिहिते.

टोपली भरलेली होती. काठावरच्या बाभळीला अडकवलेली. हंबीरभावजींनी ती घरी आणली तेव्हा तुला आतल्या खोलीत निजवलं होतं, आणि टोपलीतले झिंगे मिशा हलवत होते. मी म्हटलं, परत पाण्यात सोडा. पण पाण्याकडे जायला कोण तयार होतं? शेजारच्या बनुबाईनं ती उचलून नेली आणि घरी शिजवले. लोक तिला नावं ठेवतात. मी ठेवली नाहीत. तिची पोरं जेवली.

आता मला एकच कळत नाही. भरलेली टोपली झाडाला अडकवून माणूस परत पाण्यात का उतरतो? टोपली झाडावर, मग हातात काय घेऊन उतरले? डोक्याचा पटका दुसऱ्या दिवशी गवतात सापडला, त्याला गाठी मारून झोळी केली होती. म्हणजे आणखी काढायला गेले. पण कशाला? तुझ्यापुरते तर निघाले होते. याचं उत्तर देणारं माणूस माझ्याकडे नाही.

थेंब चुकवू नकोस.

आई


२४ जून १९७४

विजा,

उत्तर मिळालं. सांगते.

कोंडीबा धनगर आठवतो का? पूर्वेकडचा, माणातला. दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडावर आपल्या रानावरून परत जातो. त्याची मेंढरं खतासाठी आपल्या शेतात बसायची. गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर पावसाने त्याला इथेच अडकवलं होतं. आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा मेंढरांचा वाडा हलला, आणि दिवाळीला तो दुसऱ्या वाटेने गेला. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. काल तो दारात आला. आप्पांना नावाने हाक मारत आला, गुंडा, हायस का म्हणून. त्याला काही माहीतच नव्हतं.

मी बाहेर आले. त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि खालीच बसला.

काठी जमिनीवर घासत होता. मी पाणी दिलं ते प्याला नाही. मग बोलला ते मी तुला त्याच्याच शब्दांत लिहिते.

"वयनी, मी हुतो की तितं. वरच्या अंगाला मेंढरं चारत हुतो. गुंडा पान्यातनं वर आला, टोपली बाभळीला लावली, बिडी पेटवली. मला बी एक दिली. मी म्हनलं, 'लय गावलं की रं. चल आता घरला, आभाळ वरतीकडं काळं झालंय.' तर म्हनला, 'लेकीचं झालं. आता घरचं बघतो.' आन डोक्याचं फेडून झोळी केली. मी मेंढरं वळवाय गेलो. परत फिरून बघतो तर टोपली हाय आन ह्यो न्हाई. मला वाटलं, खालतीकडं सरकला असंल. येतोय की माघारी. पावसानं मेंढरं भेदरली हुती, मी वाड्यावर गेलो."

मग म्हणाला, "हाक मारली असती मी. एक हाक."

मी त्याला म्हटलं, "कोंडीबा, पुरात हाक ऐकू येत न्हाई." आणखी काय सांगणार? त्याला भाकरी बांधून दिली. जाताना मागे न बघता गेला.

विजा, आता नीट वाच. "लेकीचं झालं." हे त्यांचं बोलणं आहे, माझं नाही. तुझे झिंगे निघाले होते, कोरड्या जमिनीवर आले होते, झाडाला टांगले होते. त्यावर एक बिडी ओढून झाली होती. तू मागितलेलं काम तिथे संपलं. त्यानंतर ते पाण्यात उतरले ते तुझ्यासाठी नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. साक्षीदार आहे.

आषाढ वद्य अष्टमीला आप्पांचं वर्षश्राद्ध. नवमीला तिखट जेवण करायचं आहे. तू ये. बाळाला घेऊन ये. विहीणबाईंना सांग, डोहाळे पुरवायला जाते. त्या नाही म्हणणार नाहीत. त्यांच्या मनासारखंच होतं आहे.

मी वाट बघते असं लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे.

आई


१४ जुलै १९७४

विजा,

काल तुमची गाडी सुटली आणि मी स्टँडवर तशीच उभी राहिले. हंबीरभावजी म्हणाले, "वहिनी, चला. गाडी गेली." तेव्हा चालायला लागले.

तू खिडकीतून जे बोललीस ते मला पूर्ण ऐकू आलं. "तू माझ्यासंगं एक बी खाल्ला न्हाईस. म्हंजे तुझ्या मनात हायच." मी तोंड उघडलं तोवर ड्रायव्हरने गाडी काढली. आता लिहिते. सगळं लिहिते, मग माझ्याजवळ काही उरणार नाही.

आधी हे सांगते की तू जेवलीस ते बघून माझं घर भरलं. सकाळी मी आणि बनुबाई जुनं लुगडं धरून ओढ्यात गेलो. घोट्याएवढं पाणी होतं. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, खालून ओढत आणायचं आणि एकदम उचलायचं. पसाभर निघाले, मग आणखी. तू चुलीपाशी पाटावर बसून त्यांच्या मिशा कातरल्यास. दुसऱ्या कोणाला करू दिलं नाहीस. पहिलं डोकं तोंडात घातलंस तेव्हा डोळे मिटून घेतलेस, आणि रस चोखल्यावर कवच ताटाच्या कडेला ठेवलंस, अगदी आप्पा ठेवायचे तसं. रंगूआत्या दारातून म्हणाल्या, "खा बाई, खा." मला वर्षभराचं उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, "आत्याबाई, ती तिच्या बापानं काढून ठेवल्यालं खातीया. तुमी बी बसा, ताट घेते." त्या बसल्या. जेवल्याही. जेवताना रडत होत्या, तिखटाने की कशाने, मी विचारलं नाही. तू बोट पोराच्या जिभेला लावलंस, त्याने तोंड वाकडं केलं आणि परत बोट मागितलं.

आणि तू म्हणालीस, "आयं, तू?" मी म्हटलं, दात दुखतोय. तू माझी मुलगी आहेस. माझे दात तुला माहीत आहेत.

ऐक मग.

माझं माहेर खटावकडचं, कोरड्या रानातलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मी झिंगा बघितला नव्हता. सासूबाईंनी पहिल्यांदा वाढले, तर ते मोहरीसारखे काळे डोळे माझ्याकडेच बघतात असं वाटलं. मी हात आखडून बसले. तुझ्या आप्पांनी कोणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या ताटातली डोकी मोडून उचलली आणि आपण खाल्ली. अंग तेवढं मला ठेवलं. सासूबाईंनी बघितलंच. म्हणाल्या, "बायकूचं उष्टं खातोय, वंगाळ." ते म्हणाले, "उष्टं न्हाई, तिनं हात कुठं लावलाय?"

तेव्हापासून तशीच रीत पडली. माझ्या ताटातली डोकी त्यांची. पुढे एकदा ते बाजाराला गेले होते, घरात झिंगे केले होते, आणि मी चोरून एक डोकं खाऊन बघितलं. विजा, मला ते इतकं आवडलं की मी त्या दिवशी सगळी डोकी संपवली. पण त्यांना सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या ताटात हात घातला नसता. दिवसभर बोलायला कुठे मिळत होतं आम्हाला? सगळ्यांच्या देखत तो एक हात माझ्या ताटात यायचा. डोक्यांपेक्षा मला तो हवा होता. ते घरी नसले की मी एकटी डोकी खायची, आणि ते असले की नाक मुरडायची.

कोंडीबा जे बोलला त्यातलं अर्धंच मी तुला लिहिलं. पुढचं लिहिते. "लेकीचं झालं. आता घरचं बघतो. अंबूला डोकी लय आवडत्यात रं, पर बोलायची न्हाई कवा. आज तिला पोटभर खाऊ दे."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

कधीपासून माहीत होतं, कसं कळलं, मला कोण सांगणार? कदाचित ते नसताना केलेल्या झिंग्यांची डोकी केरात दिसली नसतील. कदाचित पहिल्यापासूनच. माहीत असूनही हात घालत राहिले, म्हणजे त्यांनाही तेच हवं असेल जे मला हवं होतं. हा विचार मी कोंडीबा आल्यापासून रोज करते. चांगला विचार आहे आणि तो मला झोपू देत नाही.

मी हे तुला आधी लिहिलं असतं तर तू आली नसतीस. किंवा आली असतीस ती माझं समाधान करायला. तू स्वतःसाठी यावंस असं मला वाटत होतं. म्हणून अर्धं लिहिलं. काल ताटावर बसले असते तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं, म्हणून दाताचं सांगितलं. त्याचा तू असा अर्थ लावशील हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. कधीच नव्हतं. जे आहे ते मी आत्ता लिहिलं, ते माझं आणि त्यांचं आहे. तुझं त्यात काही नाही, तेव्हा वाटा मागायला येऊ नकोस. मी तुला ओळखते. हे वाचून तू आता माझ्यासाठी रडशील आणि परत अन्न टाकशील. टाकू नकोस. अंगावर पाजतेस, अजून पोर लहान आहे.

तू गेल्यावर भांड्यात थोडे उरले होते. रात्री मी बघितले नाहीत. आज सकाळी ऊन केले. एक भाकरी घेतली आणि चुलीसमोरच बसले. कालपर्यंत मी ठरवलं होतं की आता हे माझ्या पोटात जाणार नाही. पण तू गाडीत जे बोललीस ते वर्षभर तुझ्या डोक्यात राहिलं असतं, म्हणून खाल्ले. डोक्यासकट खाल्ले, सगळे. चिंच थोडी जास्त झाली होती, तू बोलली नाहीस. शेवटचा खाताना ठसका लागला, तो बराच वेळ गेला नाही. मग भांडं घासून पालथं घातलं.

पोराला हाक मारताना उजव्या बाजूने मारत जा.

तुझी आई